ओळंबा घेऊन मेट्रोत

नागपूर,
२९ मे

प्रिय दिन्या,

नवतपा सुरू आहे. दुपारी बारा ते चार साइट बंद ठेवतो, कुलरची टाकी दिवसातून दोनदा भरतो आणि त्याच्यासमोर बनियनवर बसून अकरावीचं फिजिक्स वाचतो. हस, मनसोक्त हस. पोरीचं पुस्तक आहे. ती क्लासच्या नोट्सवर भागवते, त्यामुळे पुस्तक कोरं करकरीत पडलं होतं.

सुरुवात तिनंच करून दिली. एका रविवारी साइटवर आली होती. आमचे मिस्त्री कॉलम सरळ उभा आहे का पाहायला दोरीला टांगलेला ओळंबा लावत होते. तिनं विचारलं, "बाबा, हा खालीच का लोंबतो?" मी म्हटलं, वजनानं. "पण खाली म्हणजे कुठे?" मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते म्हणाले, "भाऊ, ओळंबा जिकडे दाखवते तेच खाली. अजून काय पाह्यजे?" तेव्हा मी हसलो. महिनाभर वाचल्यावर आता वाटतं, तिघांत मिस्त्रींचंच उत्तर सगळ्यात पक्कं होतं.

दहावीत तू माझ्याकडून न्यूटनचे तिन्ही नियम घोकून घेतले होतेस. मार्क पूर्ण पडले, कळलं काहीच नव्हतं. आत्ता मला विचार, स्लॅबवर वीट ठेवलीय, क्रिया कोणती आणि प्रतिक्रिया कोणती? पंचवीस वर्षं मी सांगत आलो की विटेचं वजन ही क्रिया आणि स्लॅबचा आधार ही प्रतिक्रिया. साफ चूक. ही दोन्ही बलं एकाच विटेवर लागतात, आणि तिसऱ्या नियमातली जोडी कधीच एका वस्तूवर नसते. पृथ्वी विटेला ओढते, तर तिची जोडी म्हणजे वीट पृथ्वीला ओढते, तेवढ्याच जोरानं. स्लॅब विटेला वर रेटतो, त्याची जोडी म्हणजे वीट स्लॅबला खाली रेटते. मग वजन आणि आधार सारखे का? कारण वीट हलत नाही, म्हणून. एकूण बल शून्य तर गती बदलत नाही, हे दुसऱ्या नियमाचं काम, तिसऱ्याचं नाही. वीट लिफ्टमध्ये ठेव आणि लिफ्ट वर निघू दे, ते दोघं लगेच सारखे राहत नाहीत. हे कळलं त्या दिवशी मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. तिनं काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता मेट्रोचं ऐक. ओळंबा पिशवीत टाकून सीताबर्डीहून खापरीकडे निघालो. तपासणीला गार्डनं तो पितळी गोळा बाहेर काढला. "हे काय?" ओळंबा. "कशाला?" आता काय सांगू, म्हटलं काम आहे. दुपारी डबा रिकामाच होता. वरच्या दांडीला दोरी बांधली, अर्ध्या मीटरची, आणि खाली पोरीची पट्टी धरून उभा राहिलो.

गाडी निघाली तसा गोळा मागे गेला. डुलत होता, म्हणून अंदाजानं मधली जागा धरली, पाचेक सेंटिमीटर. अर्ध्या मीटरला पाच सेंटिमीटर म्हणजे एक दशांश कल. गोळ्याचा कल जेवढा, गुरुत्व त्वरणाचा तेवढाच हिस्सा गाडीचं त्वरण. गुरुत्व त्वरण ९.८, त्याचा एक दशांश ०.९८. म्हणजे गाडीचा वेग दर सेकंदाला जवळपास एक मीटर प्रतिसेकंदानं वाढत होता. कुठलं यंत्र नाही की काही नाही, सुतळी आणि पट्टी! आणि गोळा जड की हलका, यानं उत्तर बदलत नाही, वस्तुमान दोन्हीकडून कटतं.

पण खरी गंमत पुढे. गाडीनं वेग धरला आणि गोळा हळूहळू सरळ उभा राहिला. बाहेर वर्धा रोडवरची दुकानं भराभर मागे पळतायत आणि ओळंबा आपल्या घरच्या भिंतीला लावल्यासारखा शांत. वेग भरपूर, कल शून्य. ब्रेक लागला की पुढे, वळणावर बाजूला, सरळ एकसारख्या धावेत काहीच नाही. गतीला बल लागतच नाही रे, बल लागतं ते गती बदलायला. हे वाक्य मी शाळेत शंभरदा लिहिलं असेल, डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी.

आणि आपण मठ्ठ होतो असंही नाही. मामाच्या गावी बंडी पाहिलीय ना आपण? बैल थांबले की बंडी थांबते. ज्यानं आयुष्यभर बंडी पाहिली तो म्हणणारच की ओढणारा नसेल तर गती नाही. ॲरिस्टॉटलही तेच म्हणत होता, आणि दोन हजार वर्षं लोकांनी ते मानलं. बंडीला थांबवणारं घर्षण वेगळं काढून पाहायला गॅलिलिओ लागला, त्यानं उतरत्या फळीवरून गोळे सोडले. मला तर वाटतं, हा विषय अवघड आहे तो गणितामुळे नाही. अंगात जे मुरलेलं असतं ते आधी उपटावं लागतं.

आता "खाली म्हणजे कुठे" याकडे येतो. मी समजत होतो, ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेला असतो. नसतो. पृथ्वी फिरते, पोटाशी फुगलेली आहे, त्यामुळे आपल्या अक्षांशावर, २१ अंशांवर, दहा फुटी कॉलममागे ओळंबा त्या रेषेपासून सहा-सात मिलिमीटर दक्षिणेला सरकलेला असतो. कॉलम वाकडा आहे असं नाही हं, भिंती पण त्याच हिशेबानं उभ्या आणि पाण्याची पातळीही त्याच हिशेबानं. बिलं पास व्हायला हरकत नाही.

शेजारी डोंगर असेल तर तोही गोळ्याला आपल्याकडे ओढतो. यावरून आपल्याच देशात मोठा घोळ झाला होता. १८०२ मध्ये लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासकडून त्रिकोणमितीय सर्वेक्षण, म्हणजे त्रिकोण आखत देश मोजायचं काम सुरू केलं, त्याच्यानंतर एव्हरेस्टनं ते उत्तरेला नेलं. मध्य प्रदेशातलं कल्याणपूर आणि पार उत्तरेला मुझफ्फरनगरजवळचं कलियाना, या दोन जागांमधलं अंतर दोन पद्धतींनी काढलं, जमिनीवर मोजून आणि ताऱ्यांवरून. फरक आला सव्वापाच सेकंदांचा. घड्याळातले नव्हे, अंशाचे सेकंद, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. ताऱ्यांच्या मोजणीत "खाली" ओळंब्यावरूनच ठरतं, आणि ओळंब्याला हिमालय ओढत होता. १८५५ मध्ये प्रॅट नावाच्या कलकत्त्याच्या पाद्र्यानं हिमालयाची ओढ मांडून पाहिली, तर हिशेबानं फरक जवळपास सोळा सेकंद यायला हवा होता. तिप्पट! एवढा मोठा पर्वत, आणि ओढतो मात्र कमी. त्याच वर्षी एअरी नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं कारण सुचवलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असावं, हिमनग पाण्यात तरंगतो तसं. एका दोरीच्या टोकावरून डोंगराच्या पोटात काय आहे ते कळलं, दिन्या!

पुस्तकातलं "क्षेत्र" मला इथे कळलं. आपण "क्षेत्र" वाचलं की सातबारा डोळ्यांपुढे येतो. पण हे क्षेत्र म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी लिहून ठेवलेलं उत्तर आहे, की इथे गोळा टांगशील तर किती जोरानं आणि कुठल्या दिशेला ओढला जाईल. मिस्त्री म्हणाले ते हेच. ओळंब्याला पृथ्वीचा मध्य ठाऊक नसतो, त्याला फक्त स्वतःच्या जागेपुरतं कळतं. मधे काहीच नसताना लांबून ओढ कशी लागते, हे न्यूटनलाही पटत नव्हतं, त्यानं एका पत्रात तसं लिहिलंय.

ज्याला क्षेत्र डोळ्यांसमोर दिसलं तो फॅरेडे, वीज आणि चुंबकावर काम करणारा शास्त्रज्ञ, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला, गणितात कच्चा. म्हणून मी त्याला आपला मानतो. मी पण त्याचा लोहकिसाचा प्रयोग करून पाहिला. जुन्या स्पीकरचा चुंबक, वर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, त्यावर ग्राइंडरखालचा लोखंडी चुरा भुरभुरवला. पुठ्ठ्याला टिचकी मारली की कण उठतात आणि पुन्हा बसताना रांगा धरतात, कडेला दाट, लांब गेलं की विरळ. शाळेत सरांनी लांबून दाखवलं होतं तेव्हा नुसतं चित्र वाटलं होतं. फक्त चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. मी घातला नाही. चुरा त्याला असा चिकटलाय की पंधरा दिवस झाले निघत नाही, आणि जेवणाच्या टेबलावरून माझी कायमची हकालपट्टी झालीय. फॅरेडेच्या त्या रेषांना मॅक्सवेलनं पुढे समीकरणात बसवलं म्हणतात. तिथे मी अजून पोचलो नाही, अकरावीच्या पुस्तकात विजेपाशीच अडकलोय. हा समोरचा कुलर त्याच भानगडीवर फिरतो, एवढं कळलंय.

एक सांगायचं राहिलं. तो लॅम्बटन नागपूरकडे येत असतानाच वारला, १८२३ च्या जानेवारीत. कुठे, माहितीये? हिंगणघाटला. आपण तुझ्या आत्याकडे उन्हाळ्यात दोन-दोन महिने पडून असायचो तिथे, आणि एका माणसानं हे नाव सांगितलं नाही. त्याची कबर तिथेच आहे. पाऊस पडून गेला की जाऊ. तू दिवाळीची वाट पाहू नकोस, जुलैत दोन दिवस काढ. दुपारी चारला निघायचं, वाटेत बुटीबोरीला चहा. मेट्रोतला प्रयोगही तुझ्या गाडीत पुन्हा करता येईल, पट्टी धरायला माणूस पाहिजेच होता.

वहिनींना नमस्कार. चार वाजले, मिस्त्रींचा फोन येतोय.

तुझा,
शऱ्या