हद्द वाढवण्याआधी मध्यवस्ती सावरा

महोदय,

‘शहर वाढतंय’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा शहराच्या कडेला पडणारे नवे प्लॉट डोळ्यांपुढे असतात. तिथला रस्ता, जलवाहिनी, गटार सुरुवातीला विकासक घालूनही देतो. पण काही दशकांनी वाहिनी गंजली की ती बदलण्याचा खर्च पालिकेच्या गळ्यात पडतो. मध्यवस्तीत शंभर मीटर वाहिनीवर तीनमजली इमारतींतली कितीतरी बिऱ्हाडं आणि खालची दुकानं पाणी भरतात. बाहेर तेवढ्याच लांबीवर मोजके बंगले असतात. फुटली तर खड्डा दोन्हीकडे सारखाच खणावा लागतो.

अमेरिकेतल्या ॲशव्हिल शहराचा हिशेब यासाठी पाहण्यासारखा आहे. नगररचनाकार ज्यो मिनिकोझी यांनी एकूण कर न मोजता एकरी कर मोजला. शहराच्या कडेला चौतीस एकरांवर पसरलेल्या वॉलमार्टच्या भल्यामोठ्या दुकानाकडून एकरी सुमारे ६,५०० डॉलर मालमत्ता कर येत होता. मध्यवस्तीत जेमतेम ०.२ एकरावरची एक इमारत एकरी ६ लाख ३४ हजार डॉलर या दराने कर भरत होती. हीच इमारत पूर्वी वर्षानुवर्षं रिकामी पडून होती. डागडुजी झाली, खाली दुकानं, वर कचेऱ्या आणि घरं आली, एवढंच. जमीन तीच, रस्ता तोच, नळही आधीपासूनचाच!

अशा इमारती प्रत्येक जुन्या शहरात असतात. खाली दुकान चालू, वरच्या मजल्यांना कुलूप, जिन्यात धूळ. संध्याकाळी शटर ओढलं की रस्ता ओस. वर माणसं राहायला आली तर दिवे लागतात, रस्त्यावर वर्दळ राहते आणि गुडघे दुखणाऱ्या आजींनाही औषधाचं दुकान पायी गाठता येतं.

मध्यवस्ती सुधारली की भाडी वाढतात आणि जुने भाडेकरू बाहेर फेकले जातात, ही भीती मात्र खरी आहे. म्हणून त्यांना तिथेच परवडणारं घर मिळण्याची अट पहिल्याच निविदेत हवी, नंतर नव्हे.

उपनगरांतल्या लोकांना पाणी, बस मिळायलाच हवी. ते तिथे राहायला गेलेत. माझा आक्षेप आणखी पुढे पसरण्याला आहे. यापुढे हद्दवाढीचा कुठलाही प्रस्ताव मंजूर करण्याआधी त्याचा तीस वर्षांचा देखभाल खर्च आणि अपेक्षित एकरी कर नागरिकांसमोर मांडावा, आणि त्याच पैशात मध्यवस्तीत काय उभं राहील, तेही शेजारच्या रकान्यात लिहावं.

आपला,
एक नियमित वाचक