लष्कराच्या भाकऱ्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शेवटच्या ओळीवर आधी हसलो, मग दोन दिवस तीच डोक्यात घोळत राहिली. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं कधी थांबवणार, असं विचारलंयस. वर पुस्ती जोडलीस की ही स्वयंसेवेची कामं सरकारची, त्यासाठी आपण कर भरतो, आणि फुकट राबणारे मिळाले की सरकारला तेवढंच हवं असतं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी माझी फजिती ऐक, तुला कधी सांगितली नाही. पहिल्यांदा पूरग्रस्तांच्या मदतीला गेलो तेव्हा आम्ही ट्रकभर जुने कपडे नेले होते. पोचलो तर आमच्याआधी आलेल्या कपड्यांचा डोंगर पावसात भिजून कुजत पडलेला. त्यात आमची भर. शिवाय आम्ही चौदा जण, म्हणजे चौदा तोंडं. त्यांच्याच वाट्याचं पाणी आम्ही पीत होतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका बाईंनी माझ्या हातात वही ठेवली. म्हणाल्या, "कपडे राहू द्यात. घरोघर जा आणि कोणाला रोजचं कुठलं औषध लागतं ते लिहून आणा." मधुमेह, रक्तदाब, फिट्स, सगळ्यांच्या गोळ्या वाहून गेल्या होत्या. संध्याकाळी बावन्न नावं घेऊन परत आलो, तर त्यातली निम्मी त्या बाईंना तोंडपाठ! वही बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांसाठी होती. एवढा ट्रक हाकत आम्ही आलो होतो आणि तिथे ज्याची खरी गरज होती ते त्या बाईंच्या डोक्यात आधीपासून होतं.

तेव्हापासून स्वयंसेवेकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो. पडलेल्या भिंतीखालून माणूस ओढून काढणारे हात आपल्याला दिसतात, फोटोही त्यांचेच येतात. पण ते हात नेमक्या कुठल्या भिंतीकडे धावले, हे आधीच्या कित्येक कंटाळवाण्या वर्षांत ठरलेलं असतं.

जपानचंच बघ. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे परिसरात भूकंप झाला. ६,४०० हून जास्त माणसं गेली. केंद्रबिंदूला अगदी लागून, आवाजी बेटावर होकुदान नावाचं लहानसं गाव होतं. तिथलं अग्निशमन दल म्हणजे गावातलेच शेतकरी, कोळी, दुकानदार. एरवी आपापला धंदा, मधूनमधून कवायत. घरं कोसळली तेव्हा या लोकांना शोधाशोध करावी लागली नाही. अमक्या घरातली आजी कुठल्या खोलीत झोपते, हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे खणायचं कुठे हेही. सुमारे ३०० जणांना ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. त्याच दिवशी, दुपार सरेपर्यंत गावात बेपत्ता असं कोणी उरलं नव्हतं. खुद्द कोबे शहरातही वाचलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं. मोठी यंत्रं, प्रशिक्षित पथकं हवीतच, पण ती येईपर्यंतचे काही तास शेजाऱ्यांचे असतात.

त्या वर्षी देशभरातून दहा लाखांहून जास्त स्वयंसेवक तिकडे गेले. जपानी लोक १९९५ ला स्वयंसेवेचं पहिलं वर्ष म्हणतात. आणि आता तुझ्या सरकारबद्दल. त्या काळी तिथे छोट्या गटांना संस्था म्हणून कायदेशीर मान्यता मिळवणं फार अवघड होतं. या लाटेनंतर १९९८ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला. म्हणजे राबणाऱ्यांमुळे सरकार सुस्तावलं नाही, उलट त्याला हलावं लागलं. (नेहमी असंच होतं असं मी म्हणत नाही. तुझ्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतायत.)

त्याच कोबेतली दुसरी गोष्ट मात्र मला जास्त छळते. बेघर झालेल्यांना तात्पुरती घरं सोडत काढून दिली गेली, त्यातही म्हातारे आणि अपंग यांना आधी. हेतू चांगलाच होता. पण त्यानं जुने शेजार विस्कटले. कोण कुठल्या टोकाला गेलं कोणाला कळेना. पुढच्या काही वर्षांत त्या वसाहतींमध्ये दोनशेहून अधिक माणसं एकटी, कोणाला पत्ता न लागता मेली. भूकंपातून वाचलेली माणसं, डोक्यावर छप्पर असलेली. दार वाजवणारं मात्र कोणी नव्हतं. मग स्वयंसेवकांनी तेच काम धरलं: फेरी मारायची, दार वाजवायचं, चार वाक्यं बोलायची. याला तू भाकऱ्या म्हणणार का? आणि सरकारनं पगारी माणूस नेमला तरी चार वाक्यं बोलायला तो थांबेल का, मला शंका आहे.

बांगलादेशची गोष्ट तुझ्या बाजूनं आणि माझ्या बाजूनं, दोन्हीकडून वाचता येते. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. वादळ येतंय हे हवामान खात्याला दिसलं होतं, पण किनाऱ्यावरच्या झोपडीपर्यंत ते नीट पोचलं नाही. त्यानंतर रेड क्रॉस आणि सरकार यांनी मिळून गावागावांत स्वयंसेवक उभे केले. त्यांची संख्या आज पाऊण लाखाच्या घरात आहे. झेंडे, भोंगे, सायरन, आणि मुख्य म्हणजे ओळखीचा आवाज. रेडिओवरच्या परक्या माणसाचं ऐकून कोणी गुरंढोरं सोडून निघत नाही. शेजारचा पोरगा दारात येऊन "चला" म्हणाला की निघतात.

तरी १९९१ च्या चक्रीवादळात पुन्हा सव्वा लाखाहून जास्त मेले, आणि त्यात बायका फार होत्या. पुरुष घरी नसताना त्यांना निघता येईना, निवाऱ्यात आडोसा नव्हता, इशारा बहुतेक पुरुषांच्या घोळक्यातच फिरत राहिला. आता त्या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. २०२० च्या अम्फान चक्रीवादळात तिथल्या मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. हे एकट्या स्वयंसेवकांचं श्रेय नव्हे. पक्के निवारे, बंधारे, हवामानाचा सुधारलेला अंदाज, हा सगळा सरकारी पैसा. इथे तुझंच खरं. निवारा बांधलेलाच नसेल, तर भोंगा घेतलेला पोरगा लोकांना नेणार कुठे?

आणखी एक गोष्ट तुझ्या पारड्यात टाकतो. कित्येक देशांत आरोग्याचं रोजचं, ठरल्या वेळेचं काम बायकांकडून करून घेतात आणि त्यांना 'स्वयंसेविका' म्हणून हातावर काहीबाही टेकवतात. ही शुद्ध लबाडी. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ मध्ये सांगितलं की अशा कामाला साजेसा मोबदला द्या. जिथे नाही म्हणायची सोय नाही, ती स्वयंसेवा नव्हे, वेठबिगारी.

पण नारू आठवतो, पिण्याच्या पाण्यातून होणारा तो जंताचा रोग? १९८६ मध्ये जगात त्याचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. लस नाही, औषध नाही. पाणी फडक्यातून गाळून पिणं आणि पायातून जंत निघत असलेल्या माणसाला तळ्यात उतरू न देणं, एवढाच काय तो इलाज. तो कोणी करायचा? गावातल्याच माणसानं, घरोघर फिरून, वर्षानुवर्षं. २०२२ मध्ये जगभरात फक्त १३ रुग्ण सापडले.

असो. मी स्वतः काय करतो विचारशील तर फार काही नाही. महिन्यातून दोन रविवार आमच्या वस्तीत फिरतो आणि तशीच एक वही अद्ययावत ठेवतो. कोण एकटं राहतं, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाला कमी ऐकू येतं. अर्ध्या घरांत अजून संशयानं बघतात. एका आजोबांनी तीनदा हाकलून दिलं, चौथ्यांदा बुद्धिबळाचा पट मांडला. त्या डावात मी सपाटून हरलो, आणि त्यांच्या घरातला ऑक्सिजनचा सिलिंडर माझ्या वहीत चढला.

पुढच्या महिन्यात येतोयस ना? एक रविवार माझ्याबरोबर फिर, मग हवं तितकं भांड. फक्त येताना जुने कपडे आणू नकोस.

तुझाच,
भाकऱ्या भाजणारा