69 ट्राय, पूर्ण मोजलेले

मुंबई, रविवार

प्रिय अजित,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. घरची खुशाली वाचून बरं वाटलं, पण खरं सांगतो, त्यातल्या एका वाक्यावरच माझं मन अडकलंय. रग्बीत गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून केलेल्या ट्रायच्या विक्रमाबद्दल तू लिहिलंस, "ओहाताचे 69 कागदावरचे, खरा विक्रम हबानाच्या 67चा." इतकी वर्षं जोहान्सबर्गला राहून तू दक्षिण आफ्रिकेच्या हिरव्या जर्सीचा झालास, त्याबद्दल तक्रार नाही. हबाना मलाही अतिशय आवडतो. पण जपानच्या दाइसुके ओहाताबद्दल असं लिहिलेलं मला सोसवत नाही. का, ते आज नीट मांडतो.

आधी आकडे. ओहाताने 1996 ते 2006 या काळात जपानसाठी 58 कसोटी सामने खेळून 69 ट्राय केले. ब्रायन हबानाने 124 सामन्यांत 67. त्यांच्याआधी विक्रम ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड कॅम्पीसीचा होता, 101 सामन्यांत 64. म्हणजे ओहाताची सरासरी सामन्यामागे एकापेक्षा जास्त आणि बाकी दोघांची साधारण अर्धा-पाऊण. यावर तुझं म्हणणं मी ऐकलंय: समोर कोण होतं ते बघ. तैवान, कोरिया, हाँगकाँग. 2002 साली तैवानविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने 8 ट्राय केले, तो सामना जपानने 155-3 असा जिंकला. हे सगळं खरं आहे, मी लपवत नाही.

पण अजित, आता 4 जून 1995ची दुपार आठव. ब्लोमफाँटेन, तुमच्याच देशातलं मैदान, विश्वचषक. न्यूझीलंडने जपानला 145-17 असं हरवलं. त्या दिवशी मार्क एलिसने एकट्याने 6 ट्राय केले. विश्वचषकातल्या एका सामन्यात सर्वाधिक ट्रायचा विक्रम म्हणून पुस्तकात आजही तेच नाव आहे. "समोर जपान होता, म्हणून हे 6 कागदावरचे" असं म्हणताना तू कुणाला ऐकलंयस? मी नाही ऐकलं. जपानवर ट्राय केले तर ते पूर्ण मोजायचे आणि जपानच्या माणसाने केले तर पाव किमतीत धरायचे, हा हिशेब मला पटत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

कॅम्पीसीचंही बघ. 1983 साली सिडनीत अमेरिकेविरुद्ध त्याने एका सामन्यात 4 ट्राय केले होते. ते त्याच्या 64 मध्ये आहेत आणि असायलाच हवेत. क्रिकेटमध्ये मुरलीधरनच्या 800 बळींपैकी 176 झिम्बाब्वे आणि बांगलादेशचे आहेत. म्हणून आपण 800चा आकडा 624 असा वाचतो का?

शिवाय कोणाशी खेळायचं, हे ओहाताच्या हातात कुठे होतं? रग्बीत तेव्हा पहिल्या फळीचे देश आपापसात खेळत. युरोपात सिक्स नेशन्स, दक्षिण गोलार्धात ट्राय नेशन्स, दौरेही एकमेकांचेच. दुसऱ्या फळीतल्या देशांच्या वाट्याला त्यांचा एखाददुसरा सामना येई, आणि तोही बहुधा यजमानांच्या सोयीने. जपानचं वर्ष आशियाई स्पर्धेत आणि पॅसिफिकच्या शेजाऱ्यांशी खेळण्यात जायचं: फिजी, सामोआ, टोंगा, कॅनडा, अमेरिका. हे संघ काही लेचेपेचे नव्हेत. सामोआच्या बचावफळीला भिडून ट्राय काढणं म्हणजे काय, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तू स्वतः विंगवर, म्हणजे अगदी कडेला, खेळलायस.

विंगरचीच गोष्ट निघाली म्हणून लिहितो. विंगरपर्यंत चेंडू सगळ्यात शेवटी पोचतो. पुढच्या आठांनी स्क्रममध्ये रेटारेटी करून आणि लाइनआउटमध्ये उंच झेपावून तो मिळवायचा, हाफबॅक जोडीने वेळेत सोडायचा, सेंटर्सनी समोरच्या बचावपटूला आपल्याकडे ओढायचं, तेव्हा कुठे टचलाइनजवळच्या माणसाला थोडी जागा मिळते. जपानचे पुढचे खेळाडू त्या काळात अंगाने लहान पडत, हातात चेंडू कमी येई, आणि आला तरी मागे रेटला जाण्याच्या बेतात. अशा संघात विंगरने ट्राय करत राहणं फार अवघड. ओहाता काही न्यूझीलंडच्या जोना लोमूसारखा धिप्पाड नव्हता. त्याचं बळ पहिल्या चार-पाच पावलांत होतं. उभ्या जागेवरून तो एकदम वेग घ्यायचा, समोरचा तोल सावरेपर्यंत पलीकडे गेलेला असायचा. 1999च्या विश्वचषकात कार्डिफला वेल्सविरुद्ध जपान 64-15 असा हरला. त्या सामन्यातही त्याने एक ट्राय केला. यजमान वेल्स, तुडुंब भरलेलं नवंकोरं मिलेनियम स्टेडियम, आणि तिथे एक जपानी विंगर गोलरेषेपलीकडे. हाही कागदावरचाच का?

मला सगळ्यात प्रिय दिवस मात्र 14 मे 2006चा. मैदान हानाझोनो, ओसाकाजवळचं. जपानमधल्या शाळकरी रग्बीचं हे पंढरपूर. दर हिवाळ्यात देशभरातले शाळांचे संघ तिथे अंतिम स्पर्धेला येतात. ओहाता ओसाकाचाच, 1975चा जन्म, त्यामुळे हे त्याचं घरचं मैदान. समोर जॉर्जिया, म्हणजे स्क्रममध्ये भल्याभल्यांचा घाम काढणारा संघ. कॅम्पीसीला मागे टाकायला त्याला त्या दिवशी तीन ट्राय हवे होते. त्याने तीनच केले. जपान 32-7 असा जिंकला आणि जागतिक विक्रम 65 वर गेला. आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर. यापेक्षा मोठं भाग्य खेळाडूला आणखी काय असतं?

पुढचं वर्ष फार वाईट गेलं. 2007च्या सुरुवातीला त्याच्या एका पायाचं अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची शीर, तुटलं. विश्वचषक सप्टेंबरात होता. त्याने दिवसरात्र मेहनत करून पाय उभा केला, संघात परत आला, आणि ऑगस्टमध्ये पोर्तुगालविरुद्धच्या सराव सामन्यात दुसऱ्या पायाचं टेंडन गेलं. जपानने त्या विश्वचषकात कॅनडाला शेवटच्या क्षणी 12-12 असं रोखलं, तेव्हा मैदानावर तो नव्हता. देशासाठी तो पुन्हा खेळला नाही. आपल्या क्लबकडून, कोबे स्टीलकडून, मात्र 2011 पर्यंत खेळत राहिला. दोन्ही टेंडन तुटलेला, तिशी ओलांडलेला विंगर पुन्हा क्लबच्या मैदानावर उतरतो, यात मला त्याच्या ट्रायइतकंच मोल वाटतं.

हबानाची शेवटची कसोटी 2016च्या नोव्हेंबरात फ्लोरेन्सला झाली. तिथेही त्याने ट्राय केला आणि 67 वर थांबला. दोन कमी. तू म्हणशील, त्याचे बहुतेक ट्राय बलाढ्य संघांवर आहेत. मान्य. 2007च्या विश्वचषकातले त्याचे 8 मी कधी विसरणार नाही. त्याच्या 67ची थोरवी वेगळी आहे आणि ती तशीच सांगावी, त्यासाठी ओहाताचे 69 पुसायची गरज नाही. खुद्द जागतिक रग्बी संघटनेने 2016 साली ओहाताला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा त्यांनी 69 पूर्ण मोजले होते.

आणि 19 सप्टेंबर 2015ला ब्रायटनला काय झालं, ते तुला मी काय सांगू! जपान 34, दक्षिण आफ्रिका 32. हबाना त्या संघात होता आणि त्या दिवशी त्याला एकही ट्राय मिळाला नाही. मग 2019ला विश्वचषकच जपानला गेला. ओहाता स्पर्धेचा राजदूत होता, हानाझोनोवर सामने झाले आणि जपानने आयर्लंड-स्कॉटलंड दोघांना हरवलं. ज्या देशाला दुबळा म्हणून ओहाताच्या आकड्याला कमी लेखलं गेलं, त्या देशाची रग्बी त्याच्यासारख्यांनी तैवान-कोरियाविरुद्धच्या त्या सामन्यांत, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर जिवंत ठेवली होती. मुलांनी चेंडू हातात घ्यावा, म्हणून कुणीतरी धावत राहावं लागतं.

आपल्याकडचाच विचार कर. भारताने पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1998 साली खेळला, सिंगापूरविरुद्ध. आपली मुलं आजही आशियाच्या खालच्या गटांत झगडतात. उद्या त्यातल्या एखाद्या विंगरने पन्नास ट्राय केले, तर ते कोणावर केले म्हणून तू आणि मी तोंड फिरवणार आहोत का? बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाला टेकून आपण ज्या मुलांना टाळ्या वाजवायचो, त्यांच्यासाठी तरी हा हिशेब सरळ ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझ्या हबानाच्या 67 पैकी तुला सर्वांत आवडलेला ट्राय कोणता, तो कसा झाला, पुढच्या पत्रात सविस्तर लिही. चेंडू कुणी दिला, जागा कुणी करून दिली, सगळं. मी मनापासून वाचीन.

तुझा,
मकरंद