डॉजर्सची टोपी आणि जायंट्सची दहा वर्षं

प्रिय सुमे,

ओंकारचा फोटो मिळाला. बारीक झालाय पोरगा, पण इथे आल्यावर पहिल्या सेमिस्टरला सगळेच होतात, काळजी करू नकोस, शनिवारी जेवायला बोलावलंय. पण अगं डोक्यावर ती निळी टोपी! ती लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल टीमची आहे बाई. सॅन होजेत राहायचं आणि डॉजर्सची टोपी घालून कॅल्ट्रेनने हिंडायचं, कुणीतरी हसत हसत का होईना पण चार शब्द सुनावणार त्याला. आमच्या इथे जायंट्स, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, काळा-केशरी. दोन्ही टीम मूळच्या न्यूयॉर्कच्या, १९५८ च्या सीझनला दोघी उठून कॅलिफोर्नियात आल्या आणि येताना भांडण पण सामानात बांधून आणलं.

वर तू विचारतेस की तू कधीपासून बेसबॉल बघायला लागलीस आणि त्यात बघण्यासारखं असतं काय. सांगते. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

२०१० ते २०१९ ही दहा वर्षं घे. सीझनला १६२ मॅच, हो, एकशे बासष्ट, एप्रिल ते सप्टेंबर जवळपास रोज. म्हणजे दहा वर्षांत १,६२०. त्यात जायंट्स ८२१ जिंकले आणि ७९९ हरले. निम्म्याच्या जरासं वर, यात कसलं कौतुक असं तू म्हणशील, पण याच दहा वर्षांत ते तीनदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाच्या शेवटची सात मॅचची फायनल, जिंकले, २०१०, २०१२, २०१४, आणि त्या दहा वर्षांत दुसऱ्या कुठल्याच टीमला तीन जमल्या नाहीत. हे कसं काय यावर इथे लोक तासनतास बोलतात, कुणी नशीब म्हणतं, कुणी सम वर्षांची जादू म्हणतं. माझं उत्तर ब्रूस बोची. मॅनेजर, म्हणजे इथला कोच. स्वतः खेळताना बॅकअप कॅचर, म्हणजे राखीव विकेटकीपरसारखा, होता, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघितलेला माणूस, आणि मला वाटतं सगळं तिथेच शिकला. डोकं एवढं मोठं की त्याच्या टोपीच्या मापावर इथे जोक होतात.

आता तुला एक समजून घ्यावं लागेल. आपल्या क्रिकेटमधे बोलर स्पेल टाकतो, थांबतो, परत येतो. इथे पिचर, म्हणजे इथला बोलर, एकदा बाहेर गेला की गेला, त्या मॅचमधे परत नाही. त्यामुळे कुणाला कधी काढायचं आणि बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर बसतात तिथून, कुणाला आणायचं, हा मॅनेजरचा खरा खेळ. सहा महिने चालणाऱ्या सीझनमधे यात चुका झाल्या तरी खपून जातात, पण ऑक्टोबरच्या प्लेऑफमधे उद्या नसतो. बोचीला हे इतकं कळायचं की ऑक्टोबर उजाडला की हाच माणूस वेगळा वागायचा, कुणाची सिनिऑरिटी नाही, कुणाचा पगार नाही, मॅचच्या नऊ इनिंगमधल्या दुसऱ्याच इनिंगला वाटलं याचं आज जमत नाहीये तर दुसऱ्या इनिंगला बाहेर.

२०१० ला आम्ही सनीवेलला नुकते आलो होतो. ही टीम सॅन फ्रान्सिस्कोला आल्यापासून एकदाही जिंकली नव्हती, शेवटची वर्ल्ड सिरीज १९५४ ची, तीही न्यूयॉर्कला असताना. १९६२ ला सातव्या मॅचमधे १-० ने गेली. १९८९ ला तर तिसऱ्या मॅचच्या आधी भूकंपच झाला. बॅरी बाँड्स एवढा मोठा बॅटर, ७६२ होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, पण २००२ ला सहाव्या मॅचमधे ५-० पुढे असताना हरले आणि मग सातवीही. त्यामुळे ऑफिसमधले जुने फॅन असे होते की जिंकत असले तरी चेहरे पडलेले. २०१० ची टीम काही भारी नव्हती, दुसऱ्यांनी सोडलेले लोक गोळा केलेले, तो कोडी रॉस तर ऑगस्टमधे दुसऱ्या टीमने मोकळा केला म्हणून मिळाला आणि फिलाडेल्फियाविरुद्धच्या सेमीफायनलला तोच मॅन ऑफ द सिरीज. सीझनच्या शेवटच्या दिवशी सॅन दिएगोला हरवून कसेबसे आत आले. मॅचेस सगळ्या एका रनाने, दोन रनांनी. कॉमेंटेटर डुएन काइपर याला टॉर्चर म्हणायचा आणि लोक त्याच शब्दाचे बोर्ड घेऊन यायचे. फायनलला टेक्सास रेंजर्स, पाचव्या मॅचमधे एडगर रेंटेरियाचा तीन रनांचा होमरन, ३-१, संपलं. तारीख १ नोव्हेंबर. दोन दिवसांनी मिरवणूक, आणि त्याच आठवड्यात दिवाळी, मी फराळाचं अर्धं सोडून मिरवणुकीला गेले होते हे आईंना अजून माहीत नाही, प्लीज तू सांगू नकोस.

२०११ लवकर संपवते. मे महिन्यात आमचा कॅचर बस्टर पोझी, तेव्हा कोवळा पोरगा, आदल्या वर्षीचा रूकी ऑफ द इयर, होमप्लेटवर, म्हणजे रन पूर्ण होतो तिथे, समोरचा येऊन धडकला आणि पायाचा बट्ट्याबोळ झाला, वर्ष गेलं. नंतर २०१४ ला त्या धडकांवर नियमच आणला.

पण २०१२! २०१२ ची गोष्ट मला सगळ्यात आवडते आणि ती मुख्यतः बॅरी झिटोची आहे. या पिचरला २००६ च्या शेवटी सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार दिलेला, आणि मग तो चाललाच नाही. लोक घरच्या मैदानावर हुर्यो उडवायचे. २०१० च्या प्लेऑफला बोचीने त्याला टीममधे घेतलंच नव्हतं, एवढ्या पगाराचा माणूस आणि बाहेर, आणि तो एक शब्द वाकडा बोलला नाही. २०१२ ला पहिल्या राउंडला सिनसिनाटीविरुद्ध ०-२ मागे, तीन मॅच बाकी आणि तिन्ही त्यांच्या गावात. तिथे हंटर पेन्स म्हणून एक डोळे वटारलेला खेळाडू, टीममधे येऊन जेमतेम दोन-अडीच महिने झालेले, त्याने सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं की मला तुमच्याबरोबर अजून एक दिवस हवाय. तिन्ही जिंकले. मग सेमीफायनलला सेंट लुईसविरुद्ध १-३ मागे, हरलं की घरी, आणि पाचव्या मॅचला बोचीने कुणाला उभं केलं तर झिटोला! हळू बॉल, वयाने चौतीस, आणि त्याने पावणेआठ इनिंगच्या आसपास एकही रन दिला नाही, वर स्वतः बंट करून, म्हणजे बॉल नुसता बॅटला टेकवून, एक रन काढला. मग सातवी मॅच सॅन फ्रान्सिस्कोला, ९-०, शेवटी धो धो पाऊस, आणि मार्को स्कुटारो दोन्ही हात पसरून आकाशाकडे तोंड करून उभा. तो फोटो शोध आणि बघ.

फायनलची पहिली मॅच २४ ऑक्टोबरला, दसऱ्याला. आमच्याकडे दोन-तीन फॅमिली जेवायला होत्या, श्रीखंड-पुरी, आणि टीव्हीवर पाब्लो सँडोव्हाल, सगळे त्याला पांडा म्हणतात आणि दिसतोही तसाच गुबगुबीत, एकामागून एक तीन होमरन मारत होता, त्यातले दोन तर जस्टिन व्हर्लँडरसारख्या पिचरला. त्या रात्रीही आमचा पिचर झिटोच. डेट्रॉइटला ४-० ने गुंडाळलं. आणि हे पण लिहिते की याच वर्षी टिम लिन्सेकमला, लांब केसांचा तो बारकुडा, २००८ आणि २००९ ला लागोपाठ साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, मिळवलेला, बोचीने बुलपेनमधे पाठवलं कारण सीझनभर तो मार खात होता. आपल्याकडे एवढ्या मोठ्या नावाला असं सांगायची कुणाची छाती झाली असती? तोही गेला आणि तिथे सुंदर टाकलं.

२०१३ वाईट. २०१४ ला ८८ जिंकून वाइल्डकार्डने शेवटच्या दारातून आत. आता मॅडिसन बमगार्नरचं काय सांगू. नॉर्थ कॅरोलिनाचा पंचवीस वर्षांचा गडी, बोलणं कमी, नाकातोंडाने श्वास टाकणारा घोड्यासारखा. कॅन्सस सिटीविरुद्ध फायनल, २६ ऑक्टोबरला पाचवी मॅच याने एकट्याने पूर्ण टाकली, ११७ बॉल, एकही रन नाही. एवढं टाकल्यावर पिचरला नॉर्मली चार दिवस विश्रांती. सातवी मॅच २९ ला. टिम हडसनला दुसऱ्याच इनिंगला बोचीने काढलं, मग जेरेमी अफेल्टने सांभाळलं, आणि पाचव्या इनिंगला बुलपेनचं दार उघडून बमगार्नर चालत आला. सगळ्यांना वाटलं एक इनिंग टाकेल, फार तर दोन. पाच टाकल्या. स्कोर ३-२. नवव्या इनिंगला दोन आउट, आणि अॅलेक्स गॉर्डनचा साधा सिंगल, पण आमच्या फील्डरच्या बाजूने बॉल निघून गेला, मागे दुसऱ्याच्याही हातातून निसटला, गॉर्डन तिसऱ्या बेसवर, आता एक बरा फटका की बरोबरी. मी उठून किचनमधे गेले, दिवाळीच्या उरलेल्या चकल्या खात तिथूनच ऐकत होते, बघवत नव्हतं. पुढच्या बॅटरने मारलेला बॉल वर उडाला, पांडाने पकडला आणि तसाच उताणा पडला. त्या फायनलमधे बमगार्नरने २१ इनिंगमधे एक रन दिला. एक.

तर हे तीन. मग उतरण, आणि ती मला जास्त विचार करायला लावते. २०१६ ला पहिल्या अर्ध्या सीझनला अख्ख्या लीगमधे आम्ही पहिले, ५७-३३, लोक म्हणाले सम वर्ष, झालं आता. दुसऱ्या अर्ध्यात ३०-४२. बुलपेन म्हातारं झालं होतं. जिंकून दिलेली तीच माणसं, रोमो, लोपेझ, कासिया, ठेवून घेतलेली, कारण त्यांनी दिलं होतं ना एवढं, काढायचं कसं. तरी कसेबसे प्लेऑफला आले आणि शिकागो कब्सविरुद्ध चौथी मॅच, मॅट मूरने आठ इनिंग अप्रतिम टाकलेल्या, ५-२ पुढे, फक्त एक इनिंग काढायची. आणि बोचीने त्या एका इनिंगला पाच पिचर बदलले. लॉ, लोपेझ, रोमो, स्मिथ, स्ट्रिकलंड. चार रन गेले, ६-५, घरी. जो माणूस योग्य वेळी योग्य हात आणण्यासाठी प्रसिद्ध, त्याच्याकडे आणायला हातच उरले नव्हते. लोक त्याला शिव्या देतात, मी देत नाही, मूरचे १२० बॉल झाले होते, मीही काढला असता. कब्स पुढे जाऊन १९०८ नंतर पहिल्यांदा जिंकले, म्हणजे आपण कुणाच्या तरी इतिहासात पायरी झालो, ठीक आहे.

२०१७ ला बमगार्नर सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवरून पडला, खांदा गेला, आणि टीम ९८ मॅच हरली. २०१० च्या ऑक्टोबरपासून सलग ५३० घरच्या मॅच हाउसफुल होत्या, ती साखळी त्या जुलैत तुटली, तिकिटं अचानक स्वस्त झाली आणि खरं सांगू, आम्ही सगळ्यात जास्त वेळा तेव्हाच गेलो. गार्लिक फ्राइज, खाडीवरून येणारा बोचरा वारा, रिकाम्या खुर्च्या, मजा यायची. २०१८ ला नवा बॉस आला फरहान झैदी, आईबाप पाकिस्तानी, वाढला फिलिपिन्समधे, बर्कलीचा पीएचडी, आणि आला कुठून तर डॉजर्समधून! २०१९ ला बोची रिटायर झाला, त्याच सप्टेंबरला बॉस्टनमधे मॅनेजर म्हणून आपला २,००० वा विजय मिळवून. डिसेंबरला बमगार्नर अॅरिझोनाला गेला.

आणि बघ हं, २०२१ ला झैदीच्या हिशोबी टीमने १०७ मॅच जिंकल्या, जायंट्सच्या इतिहासात सर्वात जास्त, आणि प्लेऑफच्या पहिल्याच सिरीजला डॉजर्सकडून हरून घरी. ८८ जिंकून कप आणि १०७ जिंकून काहीच नाही. नशीब वगैरे म्हणणाऱ्यांना मग मी २०२३ सांगते. बोची तीन वर्षं घरी बसून परत आला, टेक्सास रेंजर्सकडे, ज्यांना त्याने २०१० ला हरवलं होतं त्यांच्याचकडे, आणि पहिल्याच वर्षी त्यांना त्यांची पहिलीवहिली वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. वाइल्डकार्डनेच. आम्ही रात्री टीव्हीसमोर बसून दुसऱ्याच्या टीमसाठी टाळ्या वाजवत होतो.

आता पोझी टीमचा बॉस आहे, बघू काय करतो, मला त्याच्यावर भरवसा आहे पण डॉजर्सचा पैसा बघितला की धडकी भरते. तू मे-जूनमधे येशील तेव्हा एक मॅच नक्की, जाड स्वेटर आण, कॅलिफोर्निया म्हणून कॉटनचे कुर्ते घेऊन आलीस तर कुडकुडशील. गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते तू लिहिलंच नाहीस, ते आधी कळव, आणि गोडा मसाला काकूंच्या हातचाच हवा, विकतचा नको.

तुझी,
नीलू