काढ्याची परीक्षा काढ्यासारखीच घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हळद, तुळस आणि उंबराच्या सालीचे अर्क जिवाणूंच्या बायोफिल्मवर, म्हणजे त्यांच्या चिकट थरावर, गुणकारी ठरल्याची, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संशोधनाची बातमी आपल्या अंकात वाचली. मुलांचं कौतुक वाटलं. तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि असे पुष्कळ प्रकल्प जवळून पाहिले. त्यामुळे बातमीत एक गोष्ट शोधत राहिले आणि ती सापडली नाही: अर्क कधी घातला? जिवाणू बसायच्या आधी, की थर पक्का झाल्यावर?

दातांवरचं किटण किंवा मोरीच्या पाइपातला बुळबुळीत थर म्हणजे बायोफिल्मच. जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती शर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचं चिकट आवरण तयार करतात आणि आत निवांत राहतात. मोकळ्या जिवाणूंना जेवढं प्रतिजैविक पुरतं, त्याच्या शेकडो पट देऊनही या थरातले काही जिवाणू तगतात. मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नाही, त्यामागे रक्तपुरवठा, बधिरपणा आणि साखर यांच्याबरोबर हेही एक मोठं कारण आहे. जुन्या जखमांवरच्या अभ्यासांचं एक एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झालं. त्यात १८५ जखमांपैकी सुमारे ७८ टक्के जखमांमध्ये बायोफिल्म आढळला होता.

आता आपल्याकडच्या प्रयोगशाळांत काय चालतं ते सांगते. विद्यार्थी साल वाळवतो, दळतो, सॉक्सलेट या अर्क काढायच्या उपकरणावर मिथेनॉलमध्ये अर्क काढतो, तो सुकवून डीएमएसओ या द्रावकात विरघळवतो. मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये जिवाणू आणि अर्क एकदमच घालून २४ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी खळगे धुऊन क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने रंगवायचे, चिकटलेला रंग अ‍ॅसिटिक आम्लात उतरवायचा आणि रंगाची तीव्रता मोजणाऱ्या प्लेट रीडरवर आकडा वाचायचा. अर्क घातलेल्या खळग्यात रंग कमी दिसला की 'अँटिबायोफिल्म' असा निष्कर्ष टाइप होतो.

पण जिवाणू वाढलेच नाहीत तर थरही होणार नाही, मग त्यात थराविरुद्धचा विशेष गुण कुठला? म्हणून धुण्याआधी खळग्यातली वाढ मोजून ठेवावी लागते. शिवाय क्रिस्टल व्हायोलेट जिवंत-मेलेलं ओळखत नाही, आवरणालाही रंगवतं. थर तसाच राहून आतले सगळे जिवाणू मेले तरी आकडा भरघोस येतो, आणि थर सुटून आला पण मागे जिवंत जिवाणू राहिले तर आकडा फसवा आनंद देतो. थर खरवडून, पातळ करून प्लेटवर पसरवून वसाहती मोजणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. सालींमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनांना साकळवतं, हळदीतलं कर्क्युमिन स्वतः पिवळं असतं आणि कितीतरी चाचण्यांमध्ये खोटे होकार देतं. म्हणून नुसत्या अर्काचे, जिवाणू न घातलेले खळगे आणि नुसत्या डीएमएसओचे खळगे त्याच प्लेटमध्ये हवेत. आगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, भोक पाडून अर्क घालायचा आणि भोवती जिवाणू न वाढलेला 'झोन आला का' पाहायचं, ही पद्धत तर इथे कुचकामी आहे. टॅनिनसारखे मोठे रेणू आगरमधून नीट पसरत नाहीत, आणि तिथे थर नसतोच.

हे सगळं सुधारलं तरी माझा मुख्य आक्षेप उरतोच. मिथेनॉलचा अर्क आपल्याकडे कुणीही जखमेवर लावत नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या पायाला जखम झाली तेव्हा सर्जन दर काही दिवसांनी वरचा थर खरवडून काढत होते. त्यांच्या संमतीने ओळखीचे वैद्य पंचवल्कलाच्या कोमट काढ्याने जखम धुवायचे. वड, पिंपळ, उंबर, पायर आणि पारोसा पिंपळ यांच्या सालींची ती भरड. मी वैद्यांना विचारलं, काढा जखमेवर किती वेळ राहतो? 'धुऊन होईतो, दहा-पंधरा मिनिटं,' ते म्हणाले. जखम भरली. कशाने भरली ते मी सांगू शकत नाही. साखर आटोक्यात आली होती, थर निघत होता, भाच्याने पायावर भार पडू दिला नव्हता. पण त्या दहा-पंधरा मिनिटांत काढ्याने थराचं नेमकं काय केलं, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. २४ तास अर्कात बुडवून ठेवलेल्या प्लेटकडे त्याचं उत्तर नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच: वैद्य देतात तसाच पाण्यातला, ताजा काढा घ्या. एक-दोन दिवस वाढवून पक्क्या केलेल्या थरावर घाला. पंधरा मिनिटं ठेवा, काढून टाका आणि उरलेले जिवाणू मोजा. शेजारी तितकाच वेळ नुसतं कोमट पाणी, सलाइन आणि पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक ठेवा. धुण्यानेच किती थर जातो हे कळल्याशिवाय काढ्याचं श्रेय ठरणार कसं? तसेच हाताळलेले आणखी काही खळगे, न खरवडता, एक दिवस ताज्या ब्रॉथमध्ये म्हणजे पोषक द्रवात ठेवून पाहा. खरवडलेला थर जखमेत दोन-तीन दिवसांत पुन्हा जमतो, तेव्हा काढा ते लांबवतो का, हीच रुग्णाच्या उपयोगाची गोष्ट आहे. जमल्यास स्टॅफिलोकॉकस आणि स्यूडोमोनास हे जिवाणू एकत्र वाढवून बघा, कारण जखमेत ते बरेचदा एकत्रच नांदतात.

बाहेरून वापरायच्या औषधांकडे मी मुद्दाम लक्ष वेधते आहे. मिलिलिटरला पाच-दहा मिलिग्रॅम अर्काने थर गेला, म्हणून ती वनस्पती पोटात घेतल्यावर तेच करेल असं नाही. रक्तात तेवढं प्रमाण गाठताच येत नाही. जखम धुताना किंवा चूळ भरताना मात्र ते सहज गाठता येतं. आपल्या परंपरेतले धावन (जखम धुणं) आणि गंडूष (औषधी द्रव तोंडात धरणं) प्रयोगशाळेच्या कसोटीला सर्वात चांगले उतरू शकतील असे उपचार आहेत, आणि त्यांचीच नीट परीक्षा होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साल कुठली, हेही नोंदवायला हवं. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातच पारीषाच्या, म्हणजे पारोसा पिंपळाच्या, जागी कुणी शिरीष घेतात, कुणी वेतस, असा उल्लेख आहे. मग बाजारच्या पुडीत काय असेल? पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. तिथे नमुना ओळखून घेता येतो. जिवाणूंचे प्रमाणित वाण राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून मिळतात. (आणि साल उभ्या झाडाची सोलू नका. रस्तारुंदीकरणात तोडलेल्या वडांची साल हवी तेवढी मिळते, हे दुर्दैवाने खरं आहे.) प्लेट रीडर नाही ही छोट्या महाविद्यालयांची अडचण मी जाणते. पण काचेच्या नळ्यांत थर वाढवून रंगवण्याची रीत १९८२ पासून वापरात आहे. रंग उतरवून कलरीमीटर या रंग मोजायच्या साध्या उपकरणावर वाचता येतो आणि वसाहती मोजायला तर पेट्री डिश पुरतात.

वाचकांना एक कळकळीची विनंती. मधुमेही माणसाच्या पायावर ही बातमी वाचून घरी काढे ओतू नका. गार होऊन राहिलेल्या काढ्यातही जिवाणू वाढतात. पाय आधी सर्जनना दाखवा.

विद्यापीठांच्या परीक्षकांनाही सांगायचं आहे. तुलनेचे खळगे म्हणजे कंट्रोल नीट ठेवून 'काढ्याचा पाण्याहून जास्त परिणाम दिसला नाही' असं लिहिणाऱ्या मुलीला आज कमी गुण मिळतात, हे मी पाहिलं आहे. तिला पूर्ण गुण द्या आणि तिचे आकडे विभागाच्या संकेतस्थळावर ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तिथून पुढे जाईल. आणि संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांनी अशा प्रकल्पाची बातमी लिहिताना अर्क पाण्यातला होता की मिथेनॉलमधला, तो थर बसण्याआधी घातला की नंतर, आणि शेजारच्या खळग्यात काय होतं, एवढं विचारून छापावं.

आपली वाचक,
सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त अध्यापिका, जि. सातारा