जुनी चिठ्ठी घेऊन येणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही. 'अमळनेरात कळलं तर लोक बिटकॉइन मागायला दारात येतील,' असं तुम्हीच म्हणाला होतात. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय होता स्टेट चॅनल, म्हणजे मधला हिशेब दोघांत ठेवून ब्लॉकचेनवर फक्त सुरुवात आणि शेवट नोंदवायची पद्धत. कॉलेजात सांगितलं होतं, कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा कराराचा कोड) चढव, स्क्रीनशॉट लाव, झालं. तुम्ही पहिल्याच फोनवर विचारलंत, 'तुमच्या यावलकडे केळी कापली की हिशेब कसा ठेवतात?' मी सांगितलं: व्यापाऱ्याची गाडी येते, काटा होतो, चिठ्ठी मिळते. पुढच्या कापणीला मागची बाकी धरून नवी चिठ्ठी, पैसे शेवटी एकदम. 'मग तेच तर! प्रत्येक चिठ्ठी इथेरियमच्या ब्लॉकचेनवर नेलीस तर अगदी साध्या व्यवहारालाही २१,००० गॅस, आणि त्या गॅसची फी दर वेळी. त्यापेक्षा दोघांनी आधी ठेव कॉन्ट्रॅक्टात अडकवायची, मधल्या चिठ्ठ्यांवर आपसात सह्या करायच्या आणि चेनवर फक्त पहिलं पान आणि शेवटचं.' आणि लगेच अहिराणीत, 'पन तो जुनी चिठ्ठी लई उना तं काय करशी?' म्हणजे व्यापारी जुनीच चिठ्ठी घेऊन आला तर काय करशील?

माझं कॉन्ट्रॅक्ट दोन सह्या दिसल्या की पैसे सोडत होतं. मग तुम्ही प्रत्येक चिठ्ठीला चढता नंबर घालायला लावलात आणि हरकतीची मुदत ठेवायला लावलीत: मुदतीत कोणी मोठ्या नंबरची चिठ्ठी दाखवली तर तीच खरी. मी मुदत ठेवली दहा मिनिटं. चेनवर बारा सेकंदांना नोंदींचा एक ब्लॉक, म्हणजे पन्नास ब्लॉक. तुम्ही हसलात. 'तुमच्या फीडरची लाइट एकदा गेली की किती वेळ जाते रे भो?' मुदत चोवीस तास झाली.

पण खरे आभार त्या रविवारचे. जुन्या कॉन्ट्रॅक्टात चूक निघाली म्हणून मी सेपोलियावर, इथेरियमच्या चाचणीच्या चेनवर, नवं चढवलं होतं. सह्यांच्या चाव्या त्याच, ठेव तेवढीच, चॅनलची मोजणी पुन्हा एकपासून. व्यापारी तुम्ही, शेतकरी मी. नव्या चॅनलवर जेमतेम तीन चिठ्ठ्या झाल्या होत्या, आणि तुम्ही जुन्या कॉन्ट्रॅक्टावरची चौदा नंबरची चिठ्ठी नव्यात टाकलीत. सह्या दोघांच्याही खऱ्याच. मी हरकत घ्यायला गेलो तर तीन नंबर चौदापेक्षा लहान, म्हणून नाकारली! तुम्हीच शिकवलेला नियम माझ्यावर उलटला. चोवीस तास मी पैसे जाताना बघत बसलो. इथर चाचणीचं, फुकटचं. तरी जेवण गेलं नाही.

सोमवारी फोन केलात. मी सहीखाली फक्त चॅनल नंबर, चिठ्ठी नंबर आणि दोघांची बाकी घेतली होती. चिठ्ठी कुठल्या वहीतली, ते कुठंच नव्हतं. 'ईआयपी ७१२ वाच,' एवढंच म्हणालात. सहीखालचा मजकूर कसा मांडायचा, याचं ते इथेरियमचं मानक. मग कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आणि चेनचा नंबर, सेपोलियाचा १११५५१११, दोन्ही सहीच्या मजकुरात आले. तुम्ही चूक आधी सांगितली असतीत तर मी 'हो हो' म्हणून विसरलो असतो, हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे.

परीक्षेच्या आठवड्यात तुमच्या जुन्या लॅपटॉपनं माझ्या वतीनं चेनवर नजर ठेवली, त्याच्या लाइट बिलाचेही आभार.

ती चौदा नंबरची चिठ्ठी मी टाकून दिलेली नाही. तिची टेस्ट करून ठेवलीय. कोडमध्ये काहीही बदललं की आधी तीच चालवतो. बाबांना हे सगळं सांगितलं, तर ते आत जाऊन आमच्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या घेऊन आले. एकीवरही नंबर नाही.

बामणोदची भरिताची वांगी पाठवतोय. काकूंना सांगा, काड्यांवरच भाजा.

तुमचा,
यावलकडचा शेतकरी, चॅनल क्रमांक १