क्वारोनचा कैदी आणि तुझी यादी

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज मिळाला. चिमीने हॅरी पॉटरचं तिसरं पुस्तक संपवलं, आता रविवारी घरी सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचाय, आणि तुला टेन्शन आलंय की पोरगी आपल्यासारखीच चिडून उठणार. फोन करणार होतो पण ह्या विषयावर तू मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे, निवांत असशील तेव्हा वाच.

आधी कबुली देऊन टाकतो. मागच्या आठवड्यात मी तोच तिसरा सिनेमा, अल्फोन्सो क्वारोनने दिग्दर्शित केलेला 'प्रिझनर ऑफ अझकाबान', परत पाहिला, दोनदा, आणि २००४ मध्ये थिएटरमधून बाहेर पडताना आपण जे काही बरळलो होतो त्यातलं निम्मं मी मागे घेतोय. निम्मंच हं. तुझी ती यादी आठवते का, वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली, 'सिनेमात काय काय नाही'? पानाची दुसरी बाजू पण भरली होती आणि तरी तुला वाटत होतं काहीतरी राहिलं.

तेव्हाची मजा बघ ना. आपण इकडे दातओठ खातोय आणि तिकडे समीक्षक एकजात खूश. न्यूयॉर्क टाइम्सवाल्याचं म्हणणं साधारण असं की पॉटरचा हा पहिला सिनेमा जो खरंच सिनेमा वाटतो, आधीचे दोन म्हणजे स्पेशल इफेक्ट्स लावून केलेलं पुस्तकवाचन. समीक्षकांची मतं मोजणाऱ्या रॉटन टोमॅटोज साइटवर आजही ९० टक्क्यांच्या आसपास आहे. आणि गल्ल्याचं म्हणशील तर आठही सिनेमांत सगळ्यात कमी ह्याचाच, जगभरात ८० कोटी डॉलरच्या आसपास. हा आकडा तू माझ्या तोंडावर कितीदा फेकलायस, "लोकांनीच नाकारला" म्हणून! अरे पण नाकारला कुठे, त्या वर्षी जगभरात त्याच्या पुढे फक्त 'श्रेक २' होता. घरातल्या घरात शेवटचा नंबर आला म्हणजे काय नापास झाला का.

तरी सगळे समीक्षक एका सुरात गात होते असंही नाही. अमेरिकेतला नावाजलेला समीक्षक रॉजर एबर्ट, त्याने पहिल्या दोन्हींना चारपैकी चार स्टार दिले होते, ह्याला साडेतीन, आणि स्पष्ट लिहिलं की हा पहिल्या दोघांइतका जमलेला नाही. तेव्हा हे माहीत असतं तर आपण तो रिव्ह्यू फ्रेम करून लावला असता.

मला आता वाटतं की आपला आणि समीक्षकांचा वाद एका सिनेमाबद्दल नव्हताच. आपण मनातल्या मनात पुस्तक उघडं धरून बसलो होतो आणि प्रत्येक सीनला बरोबर-चूक करत होतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुस्तकाशी देणंघेणं नव्हतं, समोर जे दिसतंय ते बघत होते. त्यामुळे त्यांना जे दिसलं ते आपल्याला दिसलं नाही आणि आपल्याला जे खटकलं ते त्यांच्या गावीही नव्हतं.

आता ते त्यांचं लाडकं 'डार्क'. जो तो डार्क डार्क करत होता. मला हे कौतुक तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. डिमेंटर, ते माणसातला आनंद शोषून घेणारे तुरुंगाचे पहारेकरी, काय क्वारोनने आणले? ते पुस्तकातच आहेत, मूळ गोष्टच काळी आहे. फार तर म्हण की ते दिसतात मस्त, आधी म्हणे पाण्याखाली बाहुल्या हलवून शूट करायची ट्रायल घेतली होती, ते प्रत्यक्षात जमेना म्हणून शेवटी कॉम्प्युटरवर केले पण ती पाण्यात तरंगल्यासारखी हालचाल ठेवली. पण अंधार वाढवला म्हणजे सिनेमा मोठा झाला हे काही खरं नाही, नंतरच्या सिनेमांत तर इतका अंधार झाला की काही सीनमध्ये कोण बोलतंय तेच कळत नाही.

मला ह्या वेळी जे दिसलं ते वेगळंच. घड्याळं. तू एकदा फक्त तेवढ्यासाठी बघ. शाळेत ते भलंमोठं लंबकाचं घड्याळ, जे आधीच्या दोन सिनेमांत नव्हतंच, त्याच्यातून कॅमेरा आरपार जातो. ते मारकुटं विलोचं झाड, पानं झटकतं, बर्फ झटकतं, की समजायचं ऋतू बदलला, पाटी नाही, डायलॉग नाही. आणि कळस म्हणजे लीकी कॉल्ड्रन ह्या जादूगारांच्या खानावळीत मागे एक माणूस बसलाय, बोट गोल फिरवतो आणि कपातला चमचा आपोआप फिरतो, आणि तो वाचतोय काय तर हॉकिंगचं 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम'! मी पॉज करून पाहिलं आणि एकटाच हसत बसलो. म्हणजे हा बाबा पहिल्या अर्ध्या तासापासून सांगतोय की गोष्ट वेळेची आहे, आणि आपण बसलोय हॅरीचा नवा झाडू फायरबोल्ट कधी येतो त्याची वाट बघत. म्हणून मग शेवटी हॅरीची मैत्रीण हर्मायनी गळ्यातली ती वेळ मागे नेणारी साखळी काढते तेव्हा ते कुठून तरी टपकल्यासारखं वाटत नाही. हॅग्रिडच्या झोपडीत दगड येऊन बरणी फुटते, हॅरीच्या डोक्यात दगड बसतो, लांडग्याची हाक येते, हे सगळं आधी एकदा बघून आपण विसरलेलो असतो आणि मग दुसऱ्या फेरीत कळतं हे कोणी केलं. पुस्तकातही वेळेत मागे जाणं आहेच (दगड आणि हाक सिनेमाची), पण पुस्तकात आपण हॅरीच्या कानाने ऐकतो, इथे तेच दोनदा डोळ्यांनी दिसतं. तो अर्धा तास मी तुझ्या यादीतल्या कुठल्याही पाच गोष्टींच्या बदल्यात घेईन.

आणि पोरं! शर्ट बाहेर, टाय सैल, सुट्टीच्या दिवशी साधे घरचे कपडे. ह्यावर तू किती आरडाओरडा केला होतास, की झगे कुठे गेले. अरे तेरा वर्षांची पोरं अशीच असतात. क्वारोनने म्हणे हॅरी, हर्मायनी आणि रॉन झालेल्या तिघांना आपापल्या पात्राबद्दल निबंध लिहायला सांगितला होता, एमा वॉटसनने पानंच्या पानं लिहून आणली, रॅडक्लिफने एक पान, आणि रुपर्ट ग्रिंटने काहीच नाही, विचारलं तर म्हणे रॉनने पण दिला नसता. तिघांचंही कास्टिंग किती परफेक्ट आहे ह्याचा ह्याहून मोठा पुरावा काय हवा.

पण कास्टिंग केलं कोणी? पहिल्या दोन सिनेमांचा दिग्दर्शक क्रिस कोलंबस, त्याच्या काळात झालं ना ते! इथे मात्र मी समीक्षकांवर अजून खार खाऊन आहे. क्वारोनचं कौतुक करताना प्रत्येकाने आधी कोलंबसला दोन थपडा मारून घेतल्या, बाळबोध, गुळगुळीत, पुस्तकाचा गुलाम वगैरे. मला सांग, तो चमचा तिसऱ्या सिनेमात मागे आपोआप फिरला तरी चालतो ते कशामुळे? पहिल्या दोन सिनेमांत कोलंबसने प्रत्येक जादूपाशी थांबून आपल्याला "हे बघा, हे बघा" केलं म्हणून. ते थांबणं कंटाळवाणं होतं, मान्य, दुसरा तर १६१ मिनिटांचा आहे. पण ते काम कोणीतरी करायलाच हवं होतं आणि त्याने दोन वर्षांत दोन सिनेमे काढून केलं, मग पोरांना वेळ द्यायचा म्हणून खुर्ची सोडली आणि तिसऱ्याला प्रोड्यूसर म्हणून पाठीशी राहिला. उलट क्वारोनने तर ऑफर आली तेव्हा पुस्तकं वाचलीच नव्हती, त्याचा दिग्दर्शक मित्र गिलेर्मो देल तोरोने त्याला झाडला की शहाणपणा करू नकोस, आधी जाऊन पुस्तकं वाच. देल तोरोच्या जागी तू असतास तर फटकेच दिले असतेस.

बरं, आता उरलेलं निम्मं, जे मी मागे घेत नाहीये. तिसरं पुस्तक दुसऱ्यापेक्षा जाड आणि सिनेमा मात्र १४२ मिनिटं, मग कात्री लागणारच. क्विडिच, म्हणजे झाडूवरच्या त्या खेळाचा, कप गेला, जाऊदे. फायरबोल्टवरून हर्मायनीशी होणारं भांडण गेलं ते मात्र लागलं, कारण त्या भांडणात ती किती एकटी पडते ते येतं. आणि लुमोसचं, म्हणजे कांडी पेटवायच्या मंत्राचं, तर तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, शाळेबाहेर जादू केली तर काढून टाकतील म्हणून मार्ज आत्याला फुगवल्यावर हा पोरगा घर सोडून पळतो, आणि पहिल्याच सीनला हाच पांघरुणाखाली कांडी पेटवून बसलाय! जादूच्या बसमधलं ते बोलकं मुंडकं तर मला आजही बंद करावंसं वाटतं. मायकेल गॅम्बनच्या हेडमास्तर डंबलडोरबद्दल मात्र आपण फार निष्ठुर होतो, आधीचा रिचर्ड हॅरिस गेल्यावर कोणालातरी ते करायचंच होतं.

पण खरा गुन्हा एकच, शाळेतला कोण कुठे आहे ते दाखवणारा तो जादूचा नकाशा. त्यावर बनवणाऱ्यांची टोपणनावं आहेत, पण मूनी, वर्मटेल, पॅडफूट आणि प्राँग्ज कोण ते सिनेमा सांगतच नाही. ल्युपिन मास्तरांच्या हातात नकाशा आहे, पुलावर हॅरीशी आईबद्दल इतकं सुंदर बोलतो तो, एक वाक्य टाकायला काय जात होतं? "हा आम्ही बनवला, तुझा बाप आणि आम्ही तिघं." संपलं. त्याच्याशिवाय पॅट्रोनस, म्हणजे डिमेंटरला पळवणारं ते मंत्राचं चमकतं रूप, हरणच का (हॅरीचा बाप, प्राँग्ज, हरणाचं रूप घ्यायचा), हे पुस्तक न वाचलेल्याला कळणार कसं? तळ्याकाठी हॅरीला वाटतं बाबा आले, तो अख्ख्या सिनेमातला सगळ्यात हळवा क्षण, आणि थिएटरमधल्या निम्म्या लोकांसाठी ते नुसतं चमकणारं हरीण. वेळेचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाला दहा सेकंद सापडू नयेत ह्याचा मला राग आहे, आणि हे एकाही समीक्षकाने ठासून लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

तर चिमीचं काही टेन्शन घेऊ नकोस, तिला सगळं माहितीये. प्रॉब्लेम वहिनींचा आहे, त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही. तेव्हा तळ्याचा सीन यायच्या आधी पॉज कर आणि चिमीला सांग, आईला नकाशाचं सांग म्हणून. तू सांगू नकोस, तू यादी काढशील.

आणि शेवटी झाडूवर बसलेल्या हॅरीचा तो ताणलेला चेहरा फ्रीझ होतो ना, त्याच्या आधीच टीव्ही बंद करा. त्याचं समर्थन मी पण करू शकत नाही.

तुझा,
मंद्या

ता. क. यादीचं पान अजून असेल तर फोटो पाठव, चिमीच्या यादीशी जुळवून बघू.